अकरावी-बारावीचे कॉम्प्युटर सायन्स: गुणांसाठी घ्यावे की अभ्यासासाठी?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

दहावीचा निकाल लागून अकरावी विज्ञानाच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांकडे पालक एक ठरलेला प्रश्न घेऊन येतात: "कॉम्प्युटर सायन्स घेतले तर टक्केवारी वाढते ना?" वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्या विषयाची ओळखच टक्केवारी वाढवणारा विषय अशी झाली आहे, त्याचा अभ्यास नक्की कशाचा असतो आणि तो कोणी करावा, याबद्दल पालकांशी सविस्तर बोलणे प्रवेशाच्या रांगेत होत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत कॉम्प्युटर सायन्स हा 'बायफोकल', म्हणजे २०० गुणांचा विषय आहे. इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय ठेवून विद्यार्थी साधारणपणे द्वितीय भाषा आणि जीवशास्त्र यांच्या जागी तो घेतो. प्रत्येकी ५० गुणांचे दोन लेखी पेपर असतात आणि उरलेले १०० गुण प्रात्यक्षिकांचे असतात. पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी++ आणि एचटीएमएल. दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर, त्याची इन्स्ट्रक्शन्स, एक्स-८६ कुटुंबाची ओळख, मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग, असा गेल्या अनेक वर्षांचा ढाचा आहे. आयटी हा याहून वेगळा, १०० गुणांचा विषय असून त्याची परीक्षा संगणकावर होते. पुष्कळ पालक या दोहोंची गल्लत करतात.

माझे मत असे आहे, की हा विषय उत्तम आहे, मात्र तो पाठ करून उत्तीर्ण होता येतो आणि पाठ केला तर त्यातून काहीही शिल्लक राहत नाही. 'रेषीय ॲरेमध्ये नवा घटक घालण्याचा अल्गोरिदम लिहा' हा पेपरातला नेहमीचा प्रश्न आहे (ॲरे म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या किमतींची रांग). वर्गातली निम्मी मुले त्याच्या पायऱ्या कवितेसारख्या म्हणून दाखवतात. पण घटक पुढे सरकवताना शेवटाकडून सुरुवात का करायची, सुरुवातीकडून केली तर काय बिघडेल, असे विचारले की शांतता पसरते. सुरुवातीकडून सरकवल्यास पहिलाच घटक पुढच्या सर्वांवर लिहिला जातो आणि साऱ्या ॲरेत तीच एक किंमत उरते. हे ज्याने स्वतः संगणकावर घडताना पाहिले, त्याला त्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

तेव्हा विषय घ्यावा की नाही, यापेक्षा प्रवेश घेत असलेल्या महाविद्यालयात मुलाला संगणकापुढे एकट्याने बसायला किती वेळ मिळतो, हे पालकांनी आधी विचारावे, असे मला वाटते. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

चिंतामणी

कृष्णाकाठताई, लेख आवडला, परंतु माझी अडचण अधिक व्यावहारिक आहे. मुलाला अभियांत्रिकीला जायचे आहे. एमएचटी-सीईटीमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हेच विषय आहेत. त्यातही गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत. ज्या विषयाचा प्रवेश परीक्षेत एकही प्रश्न नाही, त्याच्यावर दोन वर्षे का घालवावीत? शिवाय बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतानाही बारावीचे गणित पाहतात, बारावीचे कॉम्प्युटर सायन्स नव्हे. म्हणजे ज्या पदवीचे नावच ते आहे, तीही या विषयाची वाट पाहत नाही!

कृष्णाकाठ

चिंतामणीजी, आपली माहिती बरोबर आहे. एक भर घालते: राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाच्या पात्रतेत भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे आहेत आणि तिसरा विषय म्हणून रसायनशास्त्राप्रमाणेच कॉम्प्युटर सायन्सही चालते. मात्र सीईटीत रसायनशास्त्र असल्यामुळे ते सोडण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. दुसरे म्हणजे, मुलाच्या किंवा मुलीच्या मनात वैद्यकीय शाखेचा विचार थोडासाही असेल, तर बायफोकलसाठी जीवशास्त्र सोडू नये. दरवर्षी दिवाळीनंतर कोणी ना कोणी विषय बदलून मागायला येते आणि तोवर उशीर झालेला असतो.

दोन वर्षे 'का घालवावीत' याचे उत्तर मात्र पात्रतेच्या नियमांत सापडणार नाही.

अर्धविराम

मी याच बायफोकलमधून पुढे गेलो आणि आज सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आमच्या वेळी सर्वांचा राग दुसऱ्या पेपरावर असे. १९७६ साली बाजारात आलेला ८०८५ आता कोण वापरतो, असा प्रश्न आम्ही विचारायचो आणि आजही मुले तोच विचारत असतील. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा भाग तोच होता, आणि तो का, हे एका उदाहरणावरून सांगतो.

प्रयोगशाळेत टर्बो सी++ हा जुना कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारे साधन) असे. फॅक्टोरियलचा, म्हणजे एकपासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम प्रत्येकाने लिहायचा, हा रिवाज. पाचचे फॅक्टोरियल १२०, सातचे ५०४०, इथवर सर्व ठीक. आठ दिले की पडद्यावर उणे २५२१६ येते. धन पूर्णांकांचा गुणाकार उणे कसा होईल? बहुतेक प्रयोगशाळांत यावर सांगितले जाते, की 'इंट' या पूर्णांकाच्या प्रकाराच्या जागी 'लाँग' हा मोठा प्रकार लिहा. मुले लिहितात, उत्तर बरोबर येते, जर्नलवर सही होते आणि शिकण्याची उत्तम संधी तेवढ्यात निघून जाते.

आता दुसऱ्या पेपराकडे या. ८०८५ चा ॲक्युम्युलेटर, म्हणजे बेरजेचे उत्तर ठेवण्याची त्यातली जागा, आठ बिटांचा आहे, त्यात २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. २०० आणि १०० यांची बेरीज केली तर ॲक्युम्युलेटरमध्ये ४४ उरतात आणि कॅरी फ्लॅग, म्हणजे हातचा आल्याची खूण, १ होतो. म्हणून प्रत्येक बेरजेनंतर 'जेएनसी' लिहून कॅरी आला की नाही ते तपासायचे आणि आला असल्यास दुसऱ्या रजिस्टरमध्ये एक वाढवायचा. हे ज्याने ८०८५ च्या सरावाच्या किटवर हाताने केले आहे, त्याला आठच्या फॅक्टोरियलचे कोडे आपोआप सुटते. टर्बो सी++ मध्ये 'इंट' सोळा बिटांचा असतो, त्याची वरची मर्यादा ३२७६७ आहे, खरे उत्तर ४०३२० आहे, आणि त्यातून ६५५३६ वजा केले की नेमके उणे २५२१६ उरतात. दोन्ही पेपर खरे तर एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगत असतात, पण ते वेगवेगळ्या तासांना, अनेकदा वेगवेगळ्या शिक्षकांकडून शिकवले जातात आणि मुलांच्या डोक्यात त्यांची भेटच होत नाही.

आजच्या कंपायलरवर 'इंट' बहुधा बत्तीस बिटांचा असतो, तेव्हा बाराच्या फॅक्टोरियलपर्यंत उत्तर बरोबर येते आणि तेराला १९३२०५३५०४ दिसते. हे अधिक फसवे आहे, कारण ही संख्या धन आहे आणि खरी वाटते. चुकीचे उत्तर ओळखायचे असेल तर तेरा फॅक्टोरियलमध्ये पाच आणि दहा हे दोन्ही अवयव येतात, म्हणजे शेवटी निदान एक शून्य हवेच, इतके गणित जागे हवे. चिंतामणीजी, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे: यंत्राने दिलेल्या उत्तरावर शंका घ्यायला शिकवणारा दुसरा विषय बारावीच्या वेळापत्रकात मला आठवत नाही.

ठाणेकर

मी सीबीएसई शाळेत कॉम्प्युटर सायन्स (विषय क्रमांक ०८३) शिकवतो. अर्धविराम यांचे उदाहरण मी वर्गात वापरू शकत नाही, कारण आमच्याकडे पायथन आहे आणि पायथनमध्ये पूर्णांक हवा तेवढा वाढतो. शंभरचे फॅक्टोरियलही तो निमूटपणे छापून देतो. त्याऐवजी मी ०.१ आणि ०.२ यांची बेरीज छापायला सांगतो. उत्तर ०.३०००००००००००००००४ येते. पहिल्यांदा मुलांना वाटते, की आपल्या लॅबमधला संगणक बिघडला आहे.

आमच्या बारावीची रचना अशी आहे: ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिक. लेखी ७० पैकी ४० प्रोग्रॅमिंगला, २० डेटाबेसला आणि १० नेटवर्कला. फाइल हाताळणी, लिस्ट वापरून स्टॅक, एसक्यूएल, पायथन आणि मायएसक्यूएल यांची जोडणी, हे सगळे आहे. राज्य मंडळाच्या तुलनेत हा अभ्यासक्रम ताजा दिसतो आणि पुष्कळ पालक त्यावरूनच शाळा निवडतात. परंतु भाषा बदलली म्हणून पाठांतर थांबलेले नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. 'खालील प्रोग्रॅमचे आउटपुट लिहा' या प्रकारचे प्रश्न मुले वीस-वीस संच सोडवून साच्याने लिहितात. प्रकल्पाचे तर विचारू नका: ग्रंथालय व्यवस्थापन, रुग्णालय व्यवस्थापन, हॉटेल व्यवस्थापन. नावे बदलतात, आतला प्रोग्रॅम वर्षानुवर्षे तोच फिरतो. मौखिक परीक्षेत मी एवढेच विचारतो, की एकाच क्रमांकाची दोन पुस्तके नोंदवली तर तुझा प्रोग्रॅम काय करील? ज्याने स्वतः लिहिला आहे तो लगेच हसतो.

थेम्सतीर

ठाणेकर यांनी प्रकल्पांचा विषय काढला, म्हणून इंग्लंडमधली हकिकत सांगते. माझ्या मुलीने इथे जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला, हा विषय घेतला होता.

इथे पूर्वी शाळांत आयसीटी नावाचा विषय होता आणि तो बव्हंशी वर्ड प्रोसेसर, स्प्रेडशीट आणि सादरीकरणे यांतच अडकला होता. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीने शालेय संगणक शिक्षणावर कडक टीका करणारा अहवाल दिला, सरकारने जुना अभ्यासक्रम मागे घेतला आणि सप्टेंबर २०१४ पासून 'कॉम्प्युटिंग' हा नवा विषय पाचव्या वर्षापासूनच्या मुलांना लागू झाला. कागदावर हा मोठा बदल होता. गंमत पुढे आहे. जीसीएसईत २० टक्के गुण विद्यार्थ्याने शाळेत बसून केलेल्या प्रोग्रॅमिंगच्या कामाला होते. त्या कामांची उत्तरे इंटरनेटवर फुटली, तीही सर्रास, आणि परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वॉल या संस्थेने २०१८ च्या परीक्षेपासून ते काम गुणांत धरणेच बंद केले.

परिणाम असा झाला, की ओसीआर मंडळाच्या आजच्या जीसीएसईत दीड-दीड तासाचे, ८०-८० गुणांचे दोन पेपर आहेत आणि दोन्ही कागदावर पेनाने लिहायचे आहेत. प्रोग्रॅमिंगही कागदावर! एडेक्सेल मंडळाने वेगळा मार्ग धरला; त्यांचा दुसरा पेपर दोन तासांचा असून तो संगणकावर बसून, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून आणि चालवून द्यायचा असतो. माझ्या मुलीच्या शाळेत पहिला प्रकार होता. तिला गुण उत्तम मिळाले, पण घरी स्वतःहून तिने एकही प्रोग्रॅम लिहिलेला मला दिसला नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवते. आयसीटी होता तेव्हा त्यात मुलींची संख्या बरी होती. कॉम्प्युटर सायन्सच्या जीसीएसईला बसणाऱ्यांत मुली साधारण पाचात एक असतात. विषय अधिक शास्त्रशुद्ध झाला आणि वर्गातून मुली कमी झाल्या, हे दोन्ही एकाच वेळी घडले. महाराष्ट्रात काय चित्र आहे?

कृष्णाकाठ

थेम्सतीरताई, राज्याची आकडेवारी बाजूला ठेवून माझ्या वर्गापुरते सांगते: मुली भरपूर असतात आणि त्यांचे काम नेटकेही असते. अडचण प्रयोगशाळेत दिसते. एका संगणकावर दोघे बसवावे लागतात आणि मिश्र जोडी असेल तर कळफलक बहुतेक वेळा मुलाकडे आणि जर्नल लिहायचे काम मुलीकडे जाते. कोणी ठरवून करत नाही, पण होते. मी आता तासाच्या मध्यावर जागा बदलायला लावते.

माणदेशी

वरची चर्चा वाचून शहरातल्या प्रयोगशाळांचा हेवा वाटला. आमच्या तालुक्यात मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि गरज पडेल तेव्हा संगणकही. जेवढे संगणक आहेत त्यांतले चालू किती, हे रोज सकाळी कळते. अकरावीला आमची मुले तालुक्याच्या ठिकाणी जातात, तेव्हा दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला विज्ञान शाखेत एकदम इंग्रजी पुस्तके हाती घ्यावी लागतात. भौतिकशास्त्रात निदान ओळखीच्या कल्पना इंग्रजीत भेटतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये कल्पनाही नवी आणि भाषाही नवी. मग मुलगा पाठ करणार नाही तर काय करील? पाठांतराला नावे ठेवताना हे कोणी लक्षात घेत नाही.

केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पाखाली बीबीसी मायक्रो संगणक शाळांना दिले, तेव्हापासून यंत्र आधी येते आणि शिकवणारा नंतर शोधला जातो, असा माझा समज आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुरू करण्याचे म्हटले आहे. चांगले आहे, फक्त ते गणिताच्याच शिक्षकाने मोकळ्या तासाला घ्यायचे, असे होऊ नये.

कृष्णाकाठ

माणदेशी सर, आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी मी जे करते ते इथे लिहिते, इतरांना उपयोग झाला तर होईल. पहिले काही आठवडे संगणक सुरूच करायचा नाही. वहीत तक्ता आखायचा: प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीनंतर एक आडवी नोंद. बबल सॉर्टसाठी (शेजारच्या आकड्यांची तुलना करत क्रम लावण्याची पद्धत) ७, ३, ९, १ असे चार आकडे घ्यायचे आणि कोणती तुलना झाली, अदलाबदल झाली की नाही, हे मराठीत वाक्य लिहून सांगायचे. पहिल्या फेरीनंतर ३, ७, १, ९ असे येते. इथे थांबून विचारायचे, की सर्वांत मोठा आकडा शेवटी पोचला हे नशीब की नियम? हा प्रश्न मराठीत विचारला की मागच्या बाकावरूनही उत्तर येते. असा वहीवरचा ड्राय रन करता आला की इंग्रजीतला अल्गोरिदम हा त्या तक्त्याचाच सारांश आहे, हे त्यांना दिसते, आणि मग परीक्षेपुरते इंग्रजी जमते.

या पद्धतीला संगणक लागत नाही. दुसऱ्या टप्प्याला मात्र लागतोच, त्याला पर्याय नाही.

शून्यापासून

मी यंदा बारावीत आहे. एक विचारू का? प्रोग्रॅम आता एआयला सांगितला की लगेच लिहून मिळतो. वर्गातली मुले जर्नल तसेच पूर्ण करतात आणि सरांनाही ते कळते. मग मी रात्री जागून लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या नोंदींची साखळी) स्वतः करण्यात शहाणपणा आहे का? मला तो करायला आवडतो, पण बाकीचे तोवर सीईटीचे प्रश्न सोडवत असतात.

अर्धविराम

आहे. कामाच्या ठिकाणी आम्हीही एआयकडून प्रोग्रॅम लिहून घेतो, आणि म्हणूनच सांगतो: लिहून मिळालेला प्रोग्रॅम कोठे चुकेल हे सांगू शकणारा माणूस आता अधिक हवा आहे. लिंक्ड लिस्टमधला पहिलाच नोड काढायचा झाला, किंवा लिस्ट रिकामी असली, तर तुझा प्रोग्रॅम काय करतो हे तू पाहिलेस का? नसेल तर आज ते पाहा. सीईटीचा वेळ मात्र रात्री जागून भरून काढू नकोस. परीक्षा होईपर्यंत दिवसाकाठी एक छोटा प्रोग्रॅम पुरे.

ठाणेकर

अर्धविराम यांच्याशी सहमत, फक्त एक पुस्ती. एआयकडून जर्नल पूर्ण झालेले कळते, हे खरे आहे. ज्या गोष्टी आम्ही शिकवल्याच नाहीत त्या त्यात असतात. मी आता लिहिलेल्या प्रोग्रॅमला गुण कमी आणि समोर बसून एक ओळ बदलून दाखवण्याला जास्त महत्त्व देतो. लूपमधली 'पेक्षा लहान किंवा समान' ही अट 'पेक्षा लहान' केली तर काय होईल, ते आधी तोंडी सांगायचे आणि मग चालवून पाहायचे.

चिंतामणी

सर्वांचे आभार. मुलाला आठच्या फॅक्टोरियलचे उदाहरण वाचून दाखवले. तो म्हणाला, "मग सतराचे किती येईल?" आणि वजाबाकी करत बसला. विषय घ्यायचे ठरते आहे. आता एकच शंका उरली आहे: आम्ही पाहिलेल्या दोन महाविद्यालयांपैकी एक नावाजलेले आहे, पण तिथे क्लासबरोबर करार असल्याने मुले प्रात्यक्षिकांना क्वचितच जातात. दुसरे साधे आहे, परंतु तेथील प्रयोगशाळा दुपारी चार ते साडेपाच खुली असते.

कृष्णाकाठ

चिंतामणीजी, सीईटीची तयारी घरून किंवा वेगळ्या क्लासमधून होऊ शकेल. ८०८५ चे किट घरी नसते. दुसऱ्या महाविद्यालयात एकदा चारच्या सुमारास स्वतः जाऊन या. प्रयोगशाळा खरोखर उघडी असते का, किती मुले बसलेली असतात, आणि किट्सना वीजपुरवठा जोडलेला आहे की ती कपाटात आहेत, एवढे पाहून प्रवेश घ्या. मुलाला सांगा, की सतराचे फॅक्टोरियल टर्बोमध्ये उणे येते. पण अठराला सरळ शून्य दिसते आणि पुढे ते शून्यच राहते. का, हे त्याने दोनाचे अवयव मोजून शोधावे.